वीस मीटरची रेघ

सिकंदराबादच्या तारनाक्याचा उड्डाणपूल उतरताना आई म्हणाली, "दाब की जरा अजून!" आणि त्रिवेणीने ॲक्सिलरेटर दाबला. आईचं ऐकायची हीच वेळ तिला सापडली, त्याला कोण काय करणार?

लाल गाडी सुसाट निघाली. वीस वर्षांची, सोळाशे सीसीची, अजूनही पोरासोरांना मागे टाकणारी. शेजारच्या सीटवर आई, म्हणजे सुमनताई, खिडकीतून वारा घेत, इंजिनाचा आवाज ऐकत बसल्या होत्या. आणि पुलाखाली सिग्नल लाल झाला. समोर एक स्कूटर उभी होती, मागे खोक्यांचा डोंगर बांधलेली.

त्रिवेणीने ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं... आणि जातच राहिलं. नुसतं मऊ, पोकळ. पाय जमिनीला टेकला तरी गाडी चाललीच होती!

"आईऽऽ!"

दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, हँडब्रेक खेचला. गाडी कण्हत कण्हत थांबली तेव्हा तिचा बंपर स्कूटरच्या नंबरप्लेटला टेकला होता. ठोकर नव्हे, टेकला. जणू विचारत होता, झोपलात का?

आता हा स्कूटरवाला उतरणार, चार शिव्या घालणार, गर्दी जमणार. माणूस उतरला. हेल्मेट काढलं. तिशीच्या आतलाच असावा, कपाळावर घाम, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने चाकाचा वास घेतला!

"हे काय करताय?" तिच्या तोंडून घाबरून मराठीच निघालं.

"अरे, तुम्ही मराठी?" त्याने वर पाहिलं आणि हसला. "पॅड जळाले तुमचे. ब्रेक ऑइल उकळलं. शेवटचं कधी बदललं?"

ब्रेक ऑइल बदलतात हेच त्रिवेणीला आत्ता कळत होतं.

"लागलं का हो तुम्हाला?" आतून सुमनताईंनी विचारलं.

"नाही काकू. पण आता ही गाडी चालवू नका. नक्को म्हणजे नक्को. मी ढकलतो, बाजूला घेऊ." आणि खरंच त्याने गाडी ढकलत कडेला लावली, खिशातलं कार्ड तिच्या हातात दिलं. गौतम बिलोलीकर, ब्रेक आणि क्लच, राणीगंज, सिकंदराबाद. जाताना मागे वळून म्हणाला, "उतारावर गियर कमी करायचा असतो, मॅडम. सगळं काम ब्रेकलाच सांगायचं नसतं."

ज्याला आपण चिरडणार होतो तो आपल्यालाच शिकवून गेला! त्रिवेणी कितीतरी वेळ कार्डाकडे बघत उभी राहिली.

खरा बॉम्ब घरी फुटला. बाबांनी, म्हणजे एकनाथरावांनी, रेल्वेत पस्तीस वर्षं डब्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली होती. ज्या माणसाच्या सहीशिवाय सिकंदराबादहून गाडी हलायची नाही, त्याच्या घरच्या गाडीचे ब्रेक गेले, याची त्यांना लाजच वाटली. त्यांचा आवाज चढला नाही. तेच वाईट होतं.

"गाडी विकायची," ते म्हणाले. "शेजारचे हिम्मतराव कधीचे मागे लागलेत, मुलासाठी. दसऱ्याच्या मुहूर्तावर संध्याकाळी सहाला घेऊन जातील."

"बाबा!"

सुमनताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आई विद्यापीठात गणित शिकवायची तेव्हा स्वतःच्या पगारातून तिने ही गाडी घेतली होती. तारनाका ते गौलीगुडा, सगळ्या शहराला मागे टाकत जायची. मग डोळ्यांचा पडदा गेला. आता तिला फक्त उजेड दिसतो आणि सावल्या. त्रिवेणी ऑफिसला मेट्रोने जायची, ही गाडी फक्त आईसाठी होती. रोज संध्याकाळी आठ किलोमीटर. तेवढाच वेळ आई जुनी आई व्हायची, "दाब की जरा" म्हणणारी.

"ब्रेक नवे बसवले तर?" त्रिवेणीने विचारलं.

एकनाथरावांनी कपाटातून खडू काढला. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी हा माणूस खडू बाळगून होता! "साठच्या वेगाने येशील. मी सांगेन तिथे ब्रेक मारशील. वीस मीटरवर मी रेघ मारणार. रेघेच्या आत थांबली तर गाडी तुझी. चाक रेघेवर गेलं, तर हिम्मतरावांची. दसऱ्याच्या सकाळी, रेल्वे कॉलनीच्या मागच्या बंद रस्त्यावर."

दसऱ्याला सगळं जग सीमा ओलांडतं, आणि हिला ओलांडायची नव्हती!

दुसऱ्या दिवशी ती राणीगंजच्या दुकानात हजर झाली. रात्रभर व्हिडिओ बघून तिने पक्कं ठरवलं होतं.

"ब्रेकचा सहा पिस्टनचा मोठा सेट द्या. पुढच्या चाकांना. लाल रंगाचा."

"नक्को," गौतम म्हणाला.

"नक्को म्हणजे? संपलाय?"

"आहे की. तो काय समोर टांगलाय. तुम्हाला देणार नाही."

त्रिवेणी अवाक्! राणीगंजात दुकानदार माल विकायला नाही म्हणतो? "का पण? मी मागतेय ना!"

"त्याच्या डिस्कला, चाकामागच्या त्या तबकडीला, मोठी चाकं लागतात. मग पुढे ब्रेक भारी, मागे तेच जुने. तुमच्या गाडीचं सगळं गणित बिघडतं." त्याने एक खोकं तिच्यापुढे सरकवलं, तिने बसावं म्हणून. "एक सांगा, गाडी कोण थांबवतं?"

"ब्रेक."

"ब्रेक चाक थांबवतो. गाडी टायर थांबवतो. तुमचे टायर किती जुने?"

"...सात वर्षं?"

"अय्यो!" त्याने कपाळाला हात लावला. मग खिशातल्या तीनपैकी एक पेन काढून त्याने कागदावर लिहिलं: टायर चांगले, मापाच्याच नव्या डिस्क, जास्त उष्णता सोसणारे पॅड, जाळीदार स्टीलचे पाइप, नवं ब्रेक ऑइल. "बास. रस्त्यावरच्या गाडीला एवढंच लागतं. लाल रंग दाखवायला असतो, मॅडम."

"मला दाखवायचंय असं कोण म्हणालं?" ती फणकारली. "मला वीस मीटरमध्ये थांबायचंय!" आणि मग, कसं कोण जाणे, तिने त्याला सगळंच सांगून टाकलं. खडू, रेघ, हिम्मतराव... आईचे आठ किलोमीटर.

तो ऐकत राहिला. पेन बोटात फिरवायचा थांबला. "काकूंसाठी," तो हळूच म्हणाला. "हे आधी सांगायचं ना."

दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं बसलं. पण नवे पॅड बसवले म्हणजे झालं नाही, ते डिस्कवर मुरवावे लागतात, हा पुढचा धक्का. विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यावर ते दोघं सकाळी निघाले, ती चालवत होती, तो शेजारी.

"साठवर न्या. आता दाबा, दहापर्यंत... सोडा! पूर्ण थांबायचं नाही."

"का?"

"गरम पॅड डिस्कवर ठसा सोडतो. मग आयुष्यभर थरथर."

"तुम्हाला कसं माहीत, कशाची थरथर आहे ते?" ती सहज बोलून गेली. आणि कानशिलं तापली. हे काय बोललो आपण?

तो खिडकीबाहेर बघू लागला. त्याचेही कान लाल झाले होते.

दहा वेळा दाबलं, दहा वेळा सोडलं. प्रत्येक वेळी त्याच्या खिशातलं एक पेन उडून तिच्या पायाशी यायचं. मग चाकं थंड होईपर्यंत ते झाडाखालच्या कठड्यावर बसले. जळक्या ब्रेकचा तो उग्र वास आता तिला चक्क आवडू लागला होता! डोकंबिकं फिरलं की काय आपलं?

"सगळ्या गिऱ्हाइकांबरोबर असे बसता तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही. बाकीच्यांना कागदावर लिहून देतो."

"मग मला का नाही?"

"तुम्ही..." तो अडखळला. "तुम्ही उतारावर गियर कमी करत नाही. विश्वास नाही मला तुमच्यावर."

ती खळखळून हसली. त्याने उठून चाकाजवळ हात नेला, पाठ तिच्याकडे करून, फार वेळ.

दसऱ्याची सकाळ उजाडली. बंद रस्त्यावर एकनाथरावांनी टेपने मोजून दोन रेघा मारल्या. पहिल्या रेघेवर ब्रेक मारायचा, दुसरीच्या आत थांबायचं. सुमनताई आणि कालच गौलीगुड्याहून आलेल्या भामाआत्या खुर्च्या टाकून बसल्या. गौतम दुसऱ्या रेघेच्या सहा-सात मीटर पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेला. गाडीच्या चाकांखाली लिंबं चिरडली गेली होती, बॉनेटवर झेंडूचा हार, हळदीकुंकवाची बोटं. पूजा आत्यांनी पहाटेच उरकली होती.

त्रिवेणीने गियर टाकला. चाळीस. पन्नास. साठ. पहिली रेघ आली... आणि तिने ब्रेक मारला.

गाडी थांबण्याऐवजी डावीकडे ओढली गेली!

स्टिअरिंग हातातून सुटल्यासारखं झालं. समोर रेघ, रेघेच्या पुढे गौतम, आणि गाडी थेट त्याच्याकडे! तिने सगळा जीव एकवटून स्टिअरिंग उजवीकडे खेचलं. डावं चाक फूटपाथच्या कडेला आपटलं. गाडी थांबली. रेघेच्या पुढे, चांगली सहा मीटर.

आणि गौतमच्या गुडघ्यापासून एक वीतभर.

तो जिथे होता तिथेच उभा होता.

त्रिवेणी दार उघडून धावली. तिने त्याचे दोन्ही दंड धरले आणि त्याला गदागदा हलवलं. "का हटला नाहीस? का नाही हटलास तू? मेला असतास! माझ्या हातून मेला असतास!" तुम्हीचं तू कधी झालं, तिला कळलंच नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, बाबा बघतायत, आत्या बघतायत, कशाची शुद्ध नव्हती. हा माणूस आत्ता गेला असता तर आपण काय केलं असतं, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि त्याचं उत्तर कळलं तेव्हा ती आणखीच हादरली.

"पायच हलले नाहीत," तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला. "खरंच सांगतो. भरोसाबिरोसा काही नाही... भ्यालो."

मग अचानक त्याच्या नाकपुड्या फुलल्या. तो तिच्या हातांतून सुटला आणि उजव्या चाकाशी उकिडवा बसला. इकडे जीव जायची वेळ आली आणि हा वास घेतोय!

"खोबरेल!" तो ओरडला. "उजव्या डिस्कवर खोबरेल तेल आहे! कुणी लावलं?"

भामाआत्यांच्या हातातली जपमाळ थांबली.

"मी लावलं," त्या गौतमला म्हणाल्या. "वाटीभर. चाकाच्या फटीतून बोट घालून लावलं, वर हळदकुंकू वाहिलं. डाव्या बाजूला भिंत होती, हात पोचेना. तूच नाही का काल गाडी सोडायला आलास तेव्हा सांगत होतास, ब्रेकला नवं तेल घातलं म्हणून? दसऱ्याला यंत्राला तेल लावायचंच असतं... का रे? चुकलं का माझं?"

उजवं चाक घसरत होतं, डावं धरत होतं, म्हणून गाडी डावीकडे गेली. एका वाटीने! भामाआत्यांचे ओठ थरथरायला लागले तसा गौतम पटकन म्हणाला, "नाही आत्या. पूजा बरोबरच आहे. जागा जरा चुकली."

एकनाथराव मात्र रेघेकडे बघत होते. "चाक रेघेपलीकडे आहे," ते म्हणाले.

"बाबा, तेल होतं त्यावर!"

"तेल प्यायलेले पॅड पुन्हा धरत नाहीत. आणि आज दसरा, अख्खं राणीगंज बंद. हिम्मतराव सहाला येतायत."

"काका, माझ्याकडे आहेत," गौतम म्हणाला. "याच मापाचा आणखी एक सेट. दुकानात. पाचपर्यंतचा वेळ द्या."

एकनाथरावांनी घड्याळ पाहिलं, मग मुलीचा रडलेला चेहरा पाहिला. "पाच," ते म्हणाले.

स्कूटरवर त्याच्या मागे बसून ती राणीगंजला गेली. दुकानाचं शटर वर झालं. आत चौरंगावर पाने, स्क्रूड्रायव्हर, कालच्या खंडेनवमीच्या पूजेतली फुलं. मधोमध पॅडचं एक खोकं, त्यावर झेंडू. त्याने हात जोडले, फूल बाजूला ठेवलं, खोकं घाईघाईने पिशवीत टाकायला गेला. पण तिने ते आधीच उचललं होतं.

खोक्यावर पेनाने लिहिलेलं होतं: त्रिवेणी, २०३५.

"हे काय आहे?"

"काही नाही. द्या इकडे."

"माझं नाव आहे यावर."

तो चौरंगाकडे बघत राहिला. "तुमचे पॅड झिजले की पुन्हा लागतील ना. तेव्हा हे मॉडेल मिळो न मिळो. म्हणून दोन सेट मागवले. एक बाजूला ठेवला."

"पण २०३५ कशाला?"

"पॅड तीस हजार किलोमीटर चालतात. तुम्ही रोज आठ चालवता..." त्याचा आवाज बारीक झाला. "दहा वर्षं होतात. मला वाटलं, दहा वर्षांनी का होईना, तुम्ही याल दुकानात. दुसरं काय निमित्त होतं माझ्याकडे?"

त्या दिवशी तिला बसायला दिलेलं खोकं तिथेच होतं, त्रिवेणी त्यावर बसली. उड्डाणपुलाखाली पेडल पायाखालून गेलं तेव्हा जसं झालं होतं तसंच पुन्हा झालं.

"दहा वर्षं," ती म्हणाली. "दहा वर्षं तू काही बोलणार नव्हतास?"

"हौ... तुमची गाडीच कमी चालते."

तिला हसू आलं आणि त्याला एक सणसणीत लगावून द्यावीशीही वाटली. "आणि ते पूजेत का ठेवलं?"

"सगळ्यात जपायची वस्तू मधे ठेवतात ना?" तो म्हणाला. आणि आता मात्र त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं.

बाहेर कुठेतरी डफ वाजत होता. तिने खोकं छातीशी धरलं आणि उठली. "चल. आधी गाडी थांबवू. मग तुझ्याकडे बघते."

त्याने डिस्क धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या, पॅड बसवले. पुन्हा विद्यापीठाचा रस्ता, पुन्हा साठ ते दहा, दहा वेळा. या खेपेला दोघंही एक शब्द बोलले नाहीत. पेन उडून आलं की ती फक्त उचलून त्याच्या हातात द्यायची, आणि बोटं जरा उशिरा सुटायची.

पाच वाजता बंद रस्त्यावर एक गंमत झाली. सुमनताई काठी टेकत आल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या.

"सुमन, उतर," एकनाथराव म्हणाले.

"माझी गाडी आहे. थांबली तर मी आत असताना थांबू दे, नाही थांबली तरीही." त्यांनी पट्टा लावला. "आणि त्या मुलाला रेघेपासून लांब उभं करा. सकाळी माझी पोरगी रडली ते मी ऐकलंय. मला दिसत नाही, ऐकू येतं."

त्रिवेणीचा चेहरा लाल झाला. इतक्यात लांबून हिम्मतराव येताना दिसले, हातात गाडीला घालायचा भलामोठा हार. वेळेआधी! खरंच, काही माणसांना घाईच फार.

चाळीस. पन्नास. "दाब की जरा," आई पुटपुटली. साठ. रेघ!

पेडल पायाखाली घट्ट आलं, दगडासारखं. चारही चाकांनी एकदम रस्ता धरला. गाडी जराही न वळता, नाक खाली घालून, थांबली. एकनाथराव खाली वाकले, टेप लावला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"अठरा मीटर, चाळीस," ते म्हणाले. मग त्यांनी बुटाने ती रेघ पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता त्यांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यासारखा काढला. "सुमन, विकायची नाही तुझी गाडी."

सुमनताईंनी डॅशबोर्डवर हात ठेवला, नुसता ठेवला.

भामाआत्या ताटातून जम्मीची, म्हणजे आपट्याऐवजी इकडे चालणारी शमीची, पानं वाटत फिरू लागल्या. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." त्रिवेणीनेही एक डहाळी घेतली आणि गौतमच्या हातावर ठेवली. हात मागे घेतला नाही.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, तिथे बाबा आहेत, आत्या आहेत, हे सगळं माहीत असून. "तीस हजार भागिले आठ किती?"

"तीन हजार सातशे पन्नास," आई तत्क्षणी म्हणाली. "दिवस असतील तर दहा वर्षं आणि वर थोडे. का गं?"

"आणि रोज शंभर चालवली तर?"

"तीनशे दिवस. पुढच्या दसऱ्याच्या आत."

"ऐकलंस?" त्रिवेणीने गौतमला विचारलं. "पण मी तेवढंही थांबणार नाहीये. आत्ताच सांगतेय. मला तू हवा आहेस."

एकनाथरावांच्या हातातून खडू पडला. भामाआत्यांनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. गौतम तर सकाळसारखाच उभा, पाय हलायला तयार नाहीत. पण हातातली डहाळी त्याने घट्ट धरली होती, तिच्या बोटांसकट.

"मलाही," तो म्हणाला. "उड्डाणपुलाखाली भेटलीस तेव्हापासून."

हिम्मतराव आ वासून सगळ्यांकडे बघत होते. "अहो, पण मग गाडी? आणि हा एवढा हार मी आणला, तो घालू कुणाला?"

"थांबा हो जरा," गाडीतून सुमनताई हसत म्हणाल्या. "लागेल तो."